करून पाहिलं

१८ सप्टेंबर

आज ऋतिकने माझा अपमान केला आणि वर चहाही पाजला, त्यामुळे नीट रागावताही आलं नाही. ऋतिक माझ्या हाताखाली आहे. बारामतीतल्या एका मोठ्या दवाखान्याचे सगळे संगणक आम्ही दोघं सांभाळतो. प्रिंटर अडला म्हणून मी म्हटलं, "जोडणीचा विसावा अंक काढ, सगळं दिलंय त्यात." तर हा मोबाइल नाचवत म्हणतो, "मॅडम, तुमचा अंक दोन महिन्यांनी येतो. हे दोन सेकंदात सांगतं." आणि चॅटबॉटने सांगितलं तसं करून प्रिंटर चालूही केला मेल्याने.

'जोडणी' हे माझं द्वैमासिक. बारामती-इंदापूर भागात कारखान्यांवर, पतसंस्थांत, शाळांत, दुकानांत संगणकाचं काम बघणारे कितीतरी लोक आहेत. हिंजवडीत मी होते तेव्हा अडलं की शेजारच्या टेबलावर विचारायचं. इथं ऑफिसात संगणक कळणारा माणूस एकच, आणि तोच अडलेला. त्यांच्यासाठी हे सुरू केलं. सव्वीस अंक झाले, चारशे बारा वर्गणीदार आहेत.

नियम एकच. प्रत्येक लेखाखाली 'करून पाहिलं' अशी ओळ आणि पुढे नाव-गाव. लेखकाचं नव्हे. दुसऱ्याच कुणीतरी लेखातल्या पायऱ्या वाचून, जशाच्या तशा, आपल्या मशीनवर करून बघायच्या, मगच लेख छापायचा. नियम नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. चाळीस वर्षं छापखान्यात काढली, आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग प्रुफं तपासली. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पहिल्या अंकाचं प्रूफ वाचून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "हे कुणी करून पाहिलं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मंग लोकांनी कशाच्या भरवशावर करायचं?"

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. करून पाहायला माणूस मिळवायचा म्हणजे लग्नाला मुलगा शोधण्याइतके फोन करावे लागतात. आणि कुणासाठी? वाचक एका ओळीनेही कळवत नाहीत. दिवाळीचा अंक शेवटचा करावा असं मनात आहे. नानांना अजून बोलले नाही.

२७ सप्टेंबर

राजवर्धन सरांचा लेख आला! मागायचं धाडस नव्हतं, त्यांनी आपणहून पाठवला. सर इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात संगणक विभागाचे प्रमुख. मला सर्व्हरला पहिल्यांदा हात लावू दिला तो त्यांनी. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता, आणि तेव्हा ऑफिसात काहींची तोंडं वाकडी झाली तर सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिचं काम बघा, मग बोला." ते मी विसरणार नाही.

लेखाचं नाव 'रोजचा बॅकअप आपोआप'. कामाच्या फोल्डरची बाहेरच्या डिस्कवर रोज हुबेहूब नक्कल होईल अशी सोय, सात पायऱ्यांत. अगदी लागतोय तसा लेख. भाषा जरा गुळगुळीत वाटली, सर बोलतात तशी नाही. असो, मोठी माणसं लिहिताना वेगळी होतात.

४ ऑक्टोबर

करून पाहायला अविराजला दिला होता. त्याचं बारामतीत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमचे निम्मे लेख त्यानेच करून पाहिलेत. तो डेंग्यूने पडला. दुसऱ्या दोघांनी "उद्या बघतो" म्हटलं. अंक उद्या छापायला जायला हवा, नाहीतर दिवाळीपूर्वी पोस्टात पडत नाही.

दुपारी नानांनी प्रूफ परत दिलं. चौथ्या पायरीपाशी समासात पेन्सिलीने लिहिलेलं: "कुणी केलं?" आणि खाली जागा कोरी.

मी वैतागले. "नाना, राजवर्धन सरांचा लेख आहे. त्यांना काय विचारायचं, करून बघितलं का म्हणून?"

"त्यांना कुठं इचारतोय मी? तुला इचारतोय."

"पंचवीस वर्षं तेच करतायत ते."

"बरं." एवढं बोलून ते गोळ्या घ्यायला उठले. वय झालं की माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो.

मी ओळ भरली. करून पाहिलं: साक्षी, पिंपळी. हात जरा थांबला होता. पण सरांवर विश्वास नाही असं होईल ना ते? आणि 'सगळं आधी खोट्या फोल्डरवर करून बघा' ही नेहमीची चौकट जागा पुरेना म्हणून काढली. ती आता सगळ्यांना पाठ आहे.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात जाऊन आलो, मग घरी पाचजण बसून अंकांवर पत्ते चिकटवले. नानांना पांढऱ्या सदऱ्यात डिंकाचं काम करू नका म्हटलं तर ऐकतील तर शपथ.

पोस्टातून बाहेर पडतच होते तर नरसिंहपूरच्या गोकुळचा फोन. दाखले काढून द्यायचं केंद्र चालवतो तो तिथं. त्याला अंक छापखान्यातूनच मिळाला होता, कसल्यातरी कामाला आला होता म्हणे. "ताई, त्या बॅकअपच्या लेखात चौथ्या पायरीला, कुठनं आन् कुठं, तेवढं एकदा बघता का?"

माझ्या हातात पावत्या, मागं रांग. म्हटलं, "दादा, छापलंय तसं करा की."

"बरं, बरं. तुमी म्हनताय तर." काही लोकांना लेख वाचायचा नसतो, फोनवर शिकवणी हवी असते.

२७ ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा कामाचा पहिला दिवस. साडेअकराला फोन. निमगाव केतकीहून संस्कृती. माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा चालवते, दोन वर्षांची वर्गणीदार. कधी भेटलो नाही.

"मॅडम, लेखात सांगितलं तसं केलं. नवी डिस्क आणली, जोडली, सात पायऱ्या केल्या. माझं फोल्डर रिकामं झालं. सहा वर्षांचे रिपोर्ट होते त्यात."

मी विचारलं, पायऱ्या नीट वाचल्या होत्या का? लाज वाटते लिहायला, पण विचारलं.

"दोनदा वाचल्या. मग खाली तुमचं नाव होतं, म्हणून केलं. दुसरं कुणाचं असतं तर केलं नसतं."

फोन ठेवून टेबलावर एक नकली फोल्डर केलं, त्यात चार फायली टाकल्या आणि सात पायऱ्या जशाच्या तशा केल्या. चौथ्या पायरीत 'कुठून' आणि 'कुठे' उलटं लिहिलंय. संगणकाने रिकाम्या डिस्कची हुबेहूब नक्कल माझ्या फोल्डरवर केली. चार फायली गेल्या.

पाच मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं, पाच.

२८ ऑक्टोबर

काल दुपारीच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं: बॅकअपचा लेख वापरू नका. पण ग्रुपवर दीडशेच लोक आहेत. म्हणून यादीतल्या सगळ्यांनाच फोन. रजा घेतली. ऋतिक आपणहून येऊन बसला आणि अर्धी यादी घेतली. टोमणा एकही मारला नाही, हे जास्त लागलं.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साक्षी, शुद्धिपत्र काढ. मुद्रणदोष म्हण. छपाईत शब्द मागंपुढं झाले, एवढंच. होतं की असं."

"सर, तुम्ही करून पाहिलं होतं?"

"हंगाम तोंडावर आहे, वजनकाट्याची मशीन बसवायची आहे, अगं कुठं वेळ असतो? चॅटबॉटकडून मसुदा घेतला, मी वाचला. बरोबर वाटला."

मीही वाचला होता. मलाही बरोबर वाटला होता.

जेवताना नानांना सांगितलं. मुद्रणदोष म्हटलं तर तो छापखान्यावर जातो, म्हणजे आमचा अंक छापणाऱ्या आबाजींवर, नाहीतर प्रूफ वाचणाऱ्यावर. नाना भाकरी मोडत म्हणाले, "माज्यावर घाल की. मला आता कोन नोकरीवरनं काढतंय?"

नाना हसले. मी नाही हसू शकले. आणि खरं लिहायचं तर, पूर्ण एक तास मला ते बरं वाटत होतं. शुद्धिपत्र तीन ओळींचं. सरांचं नाव राहतं, माझं राहतं, नानांना काही फरक पडत नाही. मी कागदावर लिहूनही काढलं: 'मुद्रणदोषामुळे...' अक्षर चांगलं आलं होतं.

२९ ऑक्टोबर

एसटीने निमगाव केतकीला गेले, अविराजला बरोबर घेऊन. अजून अशक्त आहे, वाटेतल्या सणसरपर्यंत झोपला, पण नाही म्हणाला नाही.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. एका भिंतीशी मातीच्या पुड्या, प्रत्येकीवर नाव आणि गट नंबर. डाळिंबवाले, पानमळेवाले बाहेर बाकावर बसलेले. संस्कृती पंचवीस-सव्वीसची असेल. बसा म्हणाली नाही. आतल्या खोलीत नेलं. संगणकाची पिन भिंतीतून उपटून वायर गुंडाळून ठेवलेली, आणि स्क्रीनला कागद चिकटवलेला: 'कुणीही चालू करायचं नाही.'

अविराजने विचारलं, "पिन कधी काढली?"

"फोल्डर रिकामं दिसलं तसं लगेच."

"नंतर चालू केलात का? एकदा तरी? बघायला म्हणून?"

"न्हाय." मग तिने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. 'जोडणी'चे अंक. तिच्या आधी इथं काम करणाऱ्याने ठेवून दिलेले, पहिल्यापासून. नववा अंक तिने माझ्यासमोर उघडून धरला. 'चुकून पुसलं गेलं तर पहिली पाच मिनिटं.' पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्यावर नवं काही लिहिलं गेलं की नाहीसं होतं. म्हणून मशीन आहे तशी बंद करा, पुन्हा चालू करू नका. त्या ओळींखाली पेनाने रेघ ओढलेली. आणि तळाशी छापलेलं: करून पाहिलं: अविराज, बारामती.

अविराजने ते वाचलं आणि खुर्चीत बसला. "मग हाय आशा," म्हणाला. "संगणकातली डिस्क पण जुनी, फिरती हाय. नव्या जातीची असती तर हात जोडले असते."

मी संस्कृतीला म्हटलं, "तो लेख मी करून पाहिला नव्हता. नुसतं नाव घातलं." हे बोलायला सणसरपासून शब्द जुळवत होते. एवढेच निघाले.

तिने अंकांची पिशवी कपाटात परत ठेवली. "बाहेर लोक बसलेत, मॅडम," म्हणाली आणि गेली. तिचं माझ्याविषयीचं मत कायमचं ठरलं, आणि ते बरोबरच आहे.

बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, तानूबाईंनी, मला जाताना अडवलं. "माजा पाण्याचा रिपोर्ट घावंल का गं? मागच्या साली क्षार किती व्हतं, त्याच्यावर औंदा खत ठरायचंय." मी म्हटलं, बघतो आम्ही. यापुढे 'नक्की' हा शब्द जपून वापरणार आहे.

१ नोव्हेंबर

फोन तीनशे ऐंशी झाले. बाकीचे लागत नाहीत, रोज पुन्हा लावतोय. हिशेब असा निघतो: अकरा जणांनी लेख वापरला होता. संस्कृती सोडून कुणाचं काही गेलेलं नाही. मला आधी खरंच वाटेना.

गोकुळला विचारलं. "ताई, मी तर लगेचच केलं हुतं. पर खोट्या फोल्डरवर. तुमीच तर दर अंकात सांगता न्हवं, आधी खोट्यावर करा म्हनून? ते गेलं उडून. मंग म्हनलं, आपल्याकडनंच कायतरी चुकलं आसंल, 'जोडणी'त कसं चुकंल?"

"मला परत फोन का नाही केलात?"

"तुमी कामात व्हता." फोन लांब धरून कुणाला तरी "आलो आलो" म्हणाला. "आन् एकदा केला हुता की."

दहापैकी दहाजणांनी खोट्या फोल्डरवर केलं. चौकट नसतानाही केलं. फक्त संस्कृतीने सरळ केलं, कारण तिने 'करून पाहिलं' ही ओळ वाचली आणि तिला वाटलं, आता आणखी कशाला.

५ नोव्हेंबर

अविराजचा फोन! दुपारी दीडला. निमगावहून दुकानात आणलेल्या डिस्कमधून फायली निघाल्या. साडेपाच वर्षांचं सगळं. शेवटच्या काही महिन्यांच्या फायली फुटक्या निघाल्या, पण ते रिपोर्ट संस्कृतीकडे रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेले आहेत.

दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. ऋतिक वर येत होता, बघून परत खाली गेला आणि दोन चहा घेऊन आला.

"मॅडम, एक विचारू? ते पिन उपटायचं मला माहीत नव्हतं. मी तर परत परत चालू करून बघत बसलो असतो."

"तुझ्या दोन सेकंदवाल्याला विचारलं असतंस की."

"त्याने सांगितलंही असतं. पण त्याच्या खाली कुणाचं नाव नसतं ना." मग चहा फुंकत म्हणाला, "नववा अंक आहे का तुमच्याकडे जास्तीचा?"

९ नोव्हेंबर

रविवार. पहिलं पान लिहिलं. चार वेळा. पहिल्या तीन वेळा मी दमलेली होते, अविराज आजारी होता, अंकाला उशीर होत होता, अशी सगळी माणसं आणि कारणं त्यात येत गेली. चौथ्या वेळी हे उरलं:

'सत्ताविसाव्या अंकातल्या बॅकअपच्या लेखात चौथी पायरी चुकली आहे. तसं केल्यास मूळ माहिती पुसली जाते. एका वाचकाचं नुकसान झालं. हा मुद्रणदोष नाही. त्या लेखाखाली करून पाहिलं म्हणून माझं नाव आहे, ते खोटं आहे. मी करून पाहिलं नव्हतं. आधीच्या अंकांतल्या प्रत्येक लेखाखालच्या नावाला मी पुन्हा फोन करून विचारलं आहे. ती सगळी नावं खरी आहेत. साक्षी, पिंपळी.'

सरांना पाठवलं आणि लिहिलं, तुमचं नाव यात घातलेलं नाही. सबंध दिवस उत्तर नाही. संध्याकाळी एक ओळ आली: "माझं घाल. चॅटबॉटचंही लिही." त्यापुढे काही नाही. सर रागावले असतील, पुन्हा कधी लिहायचे नाहीत. पण घातलं.

नानांनी प्रूफ वाचलं. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. एकही खूण नव्हती. चष्मा पुसत राहिले आणि पुन्हा पुसत राहिले. मी म्हटलं, "डोळे दाखवून घ्या एकदा, पाणी येतंय." "व्हय," म्हणाले.

मुद्रणदोषाचा तो कागद मी चुलीत टाकायला शोधला तर सापडेना. नानांनी केव्हाच टाकला होता.

२६ नोव्हेंबर

ते पान वेगळं छापून पोस्टाने सगळ्यांना गेलं त्याला दहा दिवस होऊन गेले. तीन जणांनी वर्गणी थांबवली. एकाने लिहिलं, 'विश्वास होता.' एवढंच. ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, माझ्याच बाजूला.

बाकी शांतता. मग परवापासून फोन सुरू झाले. एका पतसंस्थेतला: मी करून बघत जाईन, मला लेख पाठवा. भिगवणच्या एका शाळेतल्या बाई: त्यांना म्हणे नेहमीच विचारायचं होतं, पण आपण कोण मोठ्या लागून गेलो असं वाटायचं. गोकुळ: "चुकलं वाटलं तर आता दोनदा फोन करनार, ताई, आदीच सांगून ठिवतो." करून पाहणाऱ्यांची यादी आज एकवीस झाली. आणि यादीत दहाव्या नंबरला, आबाजींच्या छापखान्यात चिठ्ठी ठेवून गेलेले, राजवर्धन सर. चिठ्ठीत फक्त त्यांचा नंबर आणि 'रविवारी मोकळा असतो.'

दिवाळीचा अंक शेवटचा करायचा होता हे आज ही वही मागं चाळताना आठवलं. केव्हा विसरले कोण जाणे.

७ डिसेंबर

अठ्ठाविसाव्या अंकात बॅकअपचा लेख पुन्हा घेतोय, दुरुस्त करून; ग्रुपवर तसं कळवलंय. सरांनी या वेळी स्वतः लिहिला. त्यांच्याच भाषेत, मध्येच कारखान्यावरच्या शिव्या येता येता राहिलेल्या. मी केला, चालला. अविराजने केला, चालला. पण ओळीत कुणाचं नाव घालायचं ते ठरेना. माझं तर नाहीच.

दुपारी फोन. "मॅडम, निमगाव केतकीहून. तो लेख परत येणार म्हणताय, तो करून कोण बघतंय?"

मला वाटलं, ती बजावायला फोन करतेय. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर नाही छापत."

"तसं न्हाय. छापायच्या आधी माझ्याकडं पाठवा. मी करते."

१२ डिसेंबर

आज संस्कृतीचं पाकीट आलं. लेखाची छापील प्रत, तिच्या बारीक अक्षरात भरलेली. तिने तीनदा केला. एकदा खोट्या फोल्डरवर, एकदा डिस्क मुद्दाम न जोडता, आणि मग खऱ्यावर. दुसऱ्या वेळी तिला सापडलं की डिस्क जोडलेली नसली तरी सहाव्या पायरीनंतर 'बॅकअप झाला' असंच दिसतं. मला, सरांना, अविराजला, तिघांनाही ते दिसलं नव्हतं. आम्ही तिघांनी डिस्क जोडली होती. सरांना कळवलं, त्यांनी तासाभरात पायरी बदलून पाठवली आणि खाली लिहिलं, "ही पोरगी कोण? कारखान्यावर येईल का?" मी कळवलं, नाही येणार, तिच्या बाकावर लोक बसलेले असतात.

पाकिटात आणखी एक कागद होता. तानूबाईंचा मागच्या वर्षीचा पाण्याचा रिपोर्ट, छापून. कोपऱ्यात लिहिलेलं: 'तुम्हाला दाखवायला.'

संध्याकाळी नानांनी प्रूफ आणून दिलं. चौथ्या पायरीपाशी समासात पेन्सिलीने तेच: "कुणी केलं?" खाली जागा कोरी.

मी पेन घेतलं आणि भरलं. करून पाहिलं: संस्कृती, निमगाव केतकी. तीनदा.

नानांनी वाकून वाचलं, खोडरबराने आपला प्रश्न पुसला आणि म्हणाले, "आता जाऊ दे छापायला."